काल चालत होतं

ऑक्टोबर मला आवडत नाही, स्पष्टच सांगते. पाऊस गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो, आणि हवा अशी की वाळत घातलेला टॉवेलही ओला आणि टॉवेलने पुसायचं अंगही ओलं. दादरच्या फूलबाजारात झेंडूचे ढीग लागले की लोकांना दसऱ्याची चाहूल लागते, मला कामाच्या ढिगाची. नेमक्या याच दिवसांत आमच्या कंपायलरची नवी आवृत्ती निघते, आणि ती निघायच्या आत तिच्या खोड्या शोधून काढायचं काम माझ्याकडे असतं. ज्या ऑक्टोबरात बाबा गेले, त्या ऑक्टोबरातही होतं. यंदाही टेबलावर चाचणीचे सर्किट बोर्ड मांडून बसलेय, त्यांचे बारके दिवे लुकलुकतायत, खालून झेंडूवाल्याची हाक येतेय, आणि माझं लक्ष काही केल्या लागत नाही.

"तू करतेस काय गं नक्की?" असं कुणी विचारलं, की मी "कंप्युटरवर असते" म्हणून सुटका करून घेते. तसं ते अवघड नाही. विजेचा मीटर, कपडे धुवायचं मशीन, लिफ्टचं बटण, ताप बघायचं यंत्र, या सगळ्यांच्या पोटात नखाएवढी चिप असते. माणसाने लिहिलेलं तिला थेट कळत नाही. मधे दुभाष्या लागतो, तो कंपायलर. त्या दुभाष्याचा शेवटचा भाग, जो प्रत्यक्ष चिपच्या बोलीत बोलतो, त्याला बॅकएंड म्हणतात. दर चिपची बोली निराळी, आपल्याकडे मालवणी आणि घाटावरची असते तशी. दुभाष्याला नवं काही शिकवलं, की तो जुनं काहीतरी विसरतो. काय विसरला ते मी शोधते आणि ज्यांनी त्याला शिकवलं त्यांना कळवते. थोडक्यात, चुगल्या करायचा पगार घेते.

काल चालत होतं आणि आज चालत नाही, अशा दोषाला आमच्यात रिग्रेशन म्हणतात. परळमध्ये वाढलेल्या बाईला एवढ्यासाठी इंग्रजी शब्द शिकावा लागला, याचं मला अजून हसू येतं. आमच्या चाळीत दुसरं बोलणं काय होतं? गिरणी काल चालत होती. भोंगा काल वाजत होता. खालचा इराणी, पलीकडची खाणावळ, सगळी काल चालत होती.

गिरणी मी आतून एकदाच पाहिली, तीही बंद असताना. दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची आणि त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडायचे. मी तेव्हा लहान, तिसरीतली. बाबा साचेखात्यात होते. माग हा शब्द गिरणीत कुणी वापरत नसे, साचे म्हणायचे. ओळीने उभे साचे, प्रत्येकाला झेंडूची माळ, हळदीकुंकू, तेलाचा वास, आणि सगळं गप्प. बाबांनी त्यांच्या साच्यांजवळ नेऊन मला उभं केलं. शेजारचे साचे भिकूकाकांचे. ते आमच्याच गॅलरीत, टोकाला, नळाजवळच्या खोलीत राहायचे.

"बाबा, हे चालतं तेव्हा आवाज कसा येतो?" मी विचारलं.

बाबा आणि काका एकमेकांकडे बघून हसले. "कसा येतो म्हणजे? इतका येतो की आपलंच नाव आपल्याला ऐकू येत नाही," बाबा म्हणाले. मग तुम्ही बोलता कसे, हे विचारायचं काही मला सुचलं नाही. माझा डोळा पेढ्यांवर होता.

पुढच्या दसऱ्याला साच्यांना माळ घालायला कुणी आत गेलं नाही. संप लागला होता. पहिले काही महिने आम्हा पोरांना मजाच वाटली. सगळ्यांचे बाप दिवसाढवळ्या घरी, गॅलरीत पत्ते, सभेची धावपळ, आज मिटेल उद्या मिटेल. मग पत्ते बंद झाले. एकेक बिऱ्हाड गावाला निघून गेलं. भिकूकाकांची धाकटी मुलगी आजारी होती, फार आजारी. एका सकाळी पोलिसांच्या बंदोबस्तात जी काही माणसं गिरणीच्या दारातून आत गेली, त्यांत काका होते. संध्याकाळी ते जिना चढून आले तेव्हा अख्खी गॅलरी दारात उभी होती. कुणी शिवी दिली, कुणी थुंकलं. बाबांनी दोन्ही केलं नाही. ते एवढंच म्हणाले, "ह्याच्याशी या जन्मात एक शब्द बोलणार नाही."

बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पुढे ती गिरणीही बंद पडली आणि काकाही घरी बसले. बाबा गिरगावात एका बिल्डिंगीत लिफ्ट चालवायला लागले. दोघांनी एकाच नळावर पाणी भरलं, एकाच जिन्याने चढउतार केली, एकाच गॅलरीत म्हातारे झाले. काका समोरून आले की बाबा खाकरायचे आणि भिंतीकडे बघायचे. काकांची मुलगी वाचली, तिचं लग्न झालं, पत्रिका आली. बाबांनी आईला पाठवलं, आपण गेले नाहीत. आई गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला काका पुढे आले. तेव्हाही बाबा त्यांच्याशी बोलले नाहीत, पण खांदा देऊ दिला.

बाबा गेले त्या वर्षी गणपती विसर्जनाच्या पाठोपाठ त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. "त्यांना कळतं सगळं, पण शब्द बाहेर पडत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "रोज सकाळी घरातल्या वस्तू दाखवून नाव विचारत जा. शब्द परत येतात कधीकधी." घरात बाबा आणि मी, दोघंच. मी साहेबांना सांगून बोर्ड घरी आणले, आईच्या शिलाई मशीनच्या फळीवर मांडले, आणि बाबांची खाट उकाड्यामुळे दाराशी ओढून घेतली. दार दिवसभर उघडं. आता मी राहते त्या टॉवरमध्ये दार उघडं ठेवलं, तर समोरची बाई विचारते, काही झालंय का म्हणून.

सकाळी उठलं की आधी यंत्रांच्या चाचण्यांचा निकाल बघायचा. हिरवं, हिरवं, लाल. मग चहा. मग बाबांची चाचणी.

"बाबा, हे काय?"

"चम... चम..."

"चमचा! शाब्बास! आणि हे?"

कंगवा, वाटी, काडेपेटी. कधी अर्धा शब्द यायचा, कधी नुसताच श्वास. शेवटचा प्रश्न ठरलेला. मी छातीवर हात ठेवून विचारायची, "आणि मी कोण?" मला घरात सगळे सुरेखा म्हणायचे, बाबा एकटे 'सुरे' म्हणायचे. तेवढं एकदा ऐकायचं होतं. त्यांनी 'चमचा' म्हटलं नसतं तरी चाललं असतं, आयुष्यभर मी त्यांना काडेपेटी आपणहून दिली असती, पण एकदा त्यांनी मला हाक मारावी. देवाला एवढंच मागत होते, आणि मी काही रोज देवाला त्रास देणाऱ्यांतली नाही.

हाक काही येईना. उलट होतं ते जायला लागलं. एका सकाळी 'चम'ही आलं नाही. आणि नवीनच एक सुरू झालं. मी चमचा घेऊन समोर बसले, की ते डाव्या हाताचं बोट नाकाखालून मिशी पिळल्यासारखं फिरवायचे. बाबांना मिशी कधीच नव्हती. मी उठून कामाला लागले की हात वेगळाच काही करायचा. बोटं दुमडायची, उघडायची, मनगट गर्रकन फिरायचं, थांबायचं, परत फिरायचं. मी धसकले. दोष कधी एकटा येत नाही, पाठोपाठ दुसरा येतो, हे मला कामाने शिकवलं होतं.

डॉक्टरांना मी रीतसर कळवलं. अमुक दिवसापर्यंत शब्द येत होता, आता येत नाही, आणि हाताची ही अशी हालचाल सुरू झाली आहे. डॉक्टरांनी बाबांसमोर खुर्ची ओढली, वाट बघितली. बाबा हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलासारखे बसले. "आमच्यासमोर तर काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलेय! कुठलाही दोष कळवा, पहिलं उत्तर हेच येतं, आमच्याकडे तर दिसत नाही. "आकडीचा प्रकार असू शकतो. लक्ष ठेवा," ते म्हणाले. मग मी लक्ष ठेवायला लागले, आणि जितकं लक्ष ठेवलं तितकी जास्त घाबरले.

कामातही त्याच दिवसांत एक लाल खूण येऊन बसली होती. एका बोर्डावरचा दिवा लुकलुकायचा, तो सतत पेटलेला राहायला लागला. शोधता शोधता कळलं की गोष्ट साधी होती. दिवा लागल्यावर चिपने थोडं थांबायचं, मग विझवायचा, परत थांबायचं, असं लिहिलेलं होतं. थांबायचं म्हणजे काही न करता नुसतेच आकडे मोजत बसायचं. नव्या आवृत्तीतल्या दुभाष्याने ते वाचलं, म्हणाला, इथे काही काम होत नाही, आणि तो भागच काढून टाकला. मग दिवा इतक्या झपाट्याने लागायचा-विझायचा की डोळ्याला पेटलेलाच दिसायचा. मी ताबडतोब तक्रार लिहिली. उत्तर आलं, हा दोष नाही. रिकामं थांबणं नियमाप्रमाणे काढून टाकता येतं. ते राहायला हवं असेल, तर तसं वेगळ्या शब्दात लिहून सांगा. म्हणजे थांबणं हेच काम आहे, हे ज्याचं त्याने आधी सांगून ठेवायचं!

त्या उत्तरावर मी उगाचच रडले. बाबा दिव्याकडे बघत पडले होते. आमच्या चाळीत किती माणसं अशी नुसती थांबली होती. गिरणी उघडेल म्हणून थांबली, देणी मिळतील म्हणून थांबली, गॅलरीत कठड्याला टेकून आकडे मोजत थांबली. त्यांना कुणी काढून टाकलं तेव्हा नियम काही मोडला नव्हता. याहून वाईट काय असतं, मला सांगा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची दुपार. मी बोर्डावर वाकलेली, बाबांचा हात माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यात हलत होता. मग काहीतरी खटकलं. हात हलायचा, थांबायचा, आणि थांबलेला असताना बाबांचे डोळे दाराबाहेर असायचे. मग चेहऱ्यावर काहीतरी उमटायचं, आणि परत हात हलायचा. आकडीत माणूस दुसऱ्याचं संपेपर्यंत थांबतो का? मी उठून दारात गेले.

गॅलरीच्या टोकाला नळ सोडून भिकूकाका उभे होते. बादली भरून वाहत होती, पाणी त्यांच्या पायांवरून जिन्याकडे चाललं होतं, आणि त्यांचा हात हवेत फिरत होता. तीच बोटं, तेच मनगट.

"काका!"

चोरी सापडल्यासारखा त्यांनी हात पाठीमागे घेतला. "काय नाय गो. पाणी भरतंय."

"काका, हे काय चाललंय?"

त्यांनी आधी नळ बंद केला. मग पंच्याने हात पुसले. "तो इचारता, पाण्याक आज जोर आसा काय. मी म्हटलंय, आसा."

"बाबा तुमच्याशी बोलतायत?"

"खय बोलता?" काका एकदम गंभीर झाले. "एक शब्द तरी काढल्यान काय? शब्दाचो पक्को आसा तो. पण हात काय कोणी बांधलेले नाय."

मग त्यांनी उलगडून सांगितलं. साचेखात्यात तोंडाने बोलून उपयोग नसायचा, ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जात नसे. म्हणून सगळं बोलणं हातांनी. पाणी, तंबाखू, घरचं, दारचं, कोण कुणावर भाळलाय ते. साच्यासमोर उभं राहून पाळी संपेपर्यंत अखंड गप्पा. बाहेर आलं की हात खिशात आणि तोंड चालू. घरी कुणी खुणा करत नसे, घरी गरज काय? म्हणून आईला माहीत नव्हत्या, मला माहीत नव्हत्या. "डाव्या हातान करता ना, म्हणून जरा बोबडा येता. पण कळता," काका म्हणाले.

आमच्या कामात एक नवशिकी चूक असते. चिपच्या बोलीत उतरलेला मजकूर वाचताना पडद्यावर चिपचं नाव चुकीचं निवडलं, की अगदी बरोबर लिहिलेलंही कचरा दिसतं. माणूस दुभाष्याला शिव्या घालत बसतो. हे मी नव्या मुलींना हसत हसत शिकवते.

"आणि हे काय?" मी नाकाखालून बोट फिरवून दाखवलं. "मी समोर बसले की करतात."

काका आधी सांगेनात. मग हसायलाच लागले, अगदी ठसका लागेपर्यंत. "अगो, ती जॉबरची खूण! आमचो जॉबर, म्हंजे साच्यांवरचो मुकादम, मिशीवालो होतो. तो तपासूक इलो की एकान दुसऱ्याक इशारो द्यायचो, इलो रे इलो. तू रोज सकाळी चमचो घेऊन येतस, तेव्हा तो माका सांगता, जॉबर इलो."

मी आत वळून बघितलं. बाबांनी मान दुसरीकडे फिरवली होती आणि त्यांचं पोट हलत होतं. ते हसत होते. मी जिची वाट बघत देवाला नवस बोलत होते, ती हाक ते मला रोज सकाळी मारत होते, आणि मी ती आकडी म्हणून कळवून आले होते. मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी दारातच बसून घेतलं.

चमचा त्या दिवसापासून फक्त खाण्यापुरता उरला. काका दुपारी येऊन खाटेशी बसायचे. तोंडाने दोघंही चकार शब्द काढत नसत, काकांनाही तो नियम लागू असल्यासारखा. मी काही खुणा शिकले. पोट साफ नसलं की बाबा साच्यातला धोटा अडकल्याची खूण करायचे. माझी धिरडी करपली की साच्याला तेल नाही अशी खूण करायचे. दोन म्हातारे आणि एक जॉबर, खोलीत नुसती हवा हलायची. त्या दिवसांसारखी शांतता मला पुन्हा कुठे मिळाली नाही, आणि ती इतकी थोडी मिळाली याचा राग अजून जात नाही.

एकदा काका निघाले, तेव्हा मी जिन्यापर्यंत गेले. "काका, संपाचं काही बोललात का कधी? म्हणजे तुमचं त्यांचं जे झालं ते?"

काका कठड्याला धरून उभे राहिले. "त्येका खूण नाय गो," ते म्हणाले. "गिरणी चालू होती तेव्हाच्यो खुणा त्यो. संपाक खूण कोण करतलो?" मग खाली बघून सावकाश पायऱ्या उतरले. त्यांना खाली जायचं काही काम नव्हतं.

दसरा गेला. आमची आवृत्ती लांबली, माझ्या काही तक्रारी त्यांनी मान्य केल्या, काही नाही केल्या. बाबांच्या छातीत कफ साठला. डॉक्टर घरी येऊन गेले, म्हणाले, आता हलवू नका, घरीच असू द्या. म्हणजे काय ते मला कळलं. मी बोर्डांची सगळी बटणं बंद केली. दिवाळीच्या साफसफाईचे आवाज चाळभर चालले होते, कुणीतरी गॅलरीत गाद्या झोडत होतं.

दुपारी काका उशाशी बसले होते, मी पायथ्याशी. बाबा बराच वेळ डोळे मिटून होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि डावा हात उचलला. फार कष्टाने उचलला. तळवा खाली करून दोनदा दाबला, अंगठा दाराकडे केला, मग दोन बोटं चालवली आणि परत आपल्याकडे आणली. ही खूण मी पाहिली नव्हती.

काका बघत राहिले. त्यांनी हात उचलला नाही.

"काय म्हणतायत काका?"

काकांनी पंचा तोंडावरून फिरवला. "पाळीत मधेच भायर जाऊचा झाला, की शेजारच्याक सांगायचा. माझे साचे बघ, मी जाऊन येतंय."

"मग द्या ना उत्तर. तुमच्या उत्तराची वाट बघतायत ते."

"माका नाय गो," काका म्हणाले. "तुका सांगता."

मी बघितलं. बाबा माझ्याकडेच बघत होते. हात अजून हवेत होता, उत्तर आल्याशिवाय ते खाली ठेवणार नव्हते.

"हो कसं म्हणायचं?" मी विचारलं.

काका उठून माझ्याजवळ आले. माझा हात धरला, बोटं मिटून मूठ केली आणि ती माझ्या छातीवर टेकवली. "असा."

मी तसं केलं. बाबांनी ते नीट पाहिलं, आणि हात खाली ठेवला.